चेस्टनटच्या पानांआड

गॅरेजच्या खिडकीत दोन पाय लोंबकळत होते!

मारेन धावतच तिथं पोचली. फोबोर्ग गावच्या किनाऱ्यावर सध्या होड्यांच्या मोटरी चोरीला जात होत्या, आणि बाबांची मोटर ह्याच गॅरेजात होती, घरापासून लांब, बागेच्या पार टोकाला. मागचापुढचा विचार न करता तिनं दार लोटलं आणि बाहेरून कडी घातली.

"चोरा! बस आता आत!"

आत धाडकन शिडी पडली. "अहो, चोर नाही मी! एस्बेन! कॅमेरे बसवायला आलोय... तुमच्या बाबांनीच बोलावलंय!"

"मग लाव की त्यांना फोन."

"कसा लावू? ह्या गॅरेजात कसलंच नेटवर्क पोचत नाही. म्हणून तर बोलावलंय मला!"

तिनं कडी काढली. भुवईवर कोळ्याचं जाळं घेऊन तो बाहेर आला आणि चक्क हसला. "एवढी पक्की राखण असताना कॅमेरे कशाला लागतात तुम्हाला?"

मारेन लाजेनं लालबुंद झाली.

मग तो कामाला लागला. एक डबा घराच्या वळचणीला, दुसरा गॅरेजच्या. घरातलं इंटरनेट हा डबा त्या डब्याकडे हवेतून पाठवणार.

"फक्त दोघांना एकमेकांकडे नीट बघता आलं पाहिजे," एस्बेन म्हणाला. "मधे काही आलं... की संपलं."

हे सांगताना तो डब्यांकडे बघत नव्हता.

मधे चेस्टनटचं झाड उभं होतं. मार्च महिना, सगळ्या फांद्या उघड्या, त्यांवरून पावसाचे थेंब ओघळत होते. मारेन रोपवाटिकेत काम करायची. एप्रिल सरता सरता ह्या झाडाला तळहाताएवढी पानं येणार आणि गॅरेज दिसेनासं होणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सांगायला तिनं तोंड उघडलंसुद्धा... पण डबा बंद पडला तर ह्याला परत यावं लागेल, नाही का?

"कॉफी घेणार?" तिनं विचारलं. एवढी लबाड आपण कधीपासून झालो, ह्याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

तो आणखी दोनदा आला. एकदा कॅमेरा जरा तिरका करायला, एकदा एक स्क्रू आवळायला. एका स्क्रूसाठी पार दुसऱ्या गावाहून, स्वेनबोर्गहून, कुणी येतं का! पण दालचिनीचे पाव खाऊन झाले की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची.

"येतो मग..."

"ये ना..."

बस्स, एवढंच.

एप्रिलच्या शेवटी झाड हिरवंगार झालं आणि एका सकाळी मारेन बघते तो फोनवर दिसणारं गॅरेजचं चित्र रात्रीच गेलेलं. तिनं आधी आरशात बघून केस नीट केले. एस्बेनला फोन लावणार, तोच गॅरेजकडून बाबा आले. त्यांचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला होता.

"मोटर गेली, मारेन."

बाबांचा खांदा निकामी झाला होता. त्यांना वल्हवता येत नव्हतं. आई गेल्यापासून दर शनिवारी होडीतून जाळं टाकायला जाणं हाच त्यांचा जीव, आणि मोटर नाही म्हणजे जाळंही नाही. हे आपण काय करून बसलो!

मारेनचा फोन गेला तसा एस्बेन धावत आला. त्यानं झाडाकडे पाहिलं, मग मोटर टांगायच्या रिकाम्या लाकडी घोडीकडे, आणि मटकन शिडीवर बसला.

"मला माहीत होतं."

"काय?" बाबांनी विचारलं.

"पानं येणार ते. तार जमिनीतून न्यायला हवी होती. पण म्हटलं... बंद पडलं की मारेन फोन करेल."

मारेननं चमकून त्याच्याकडे पाहिलं. ह्यालाही? ह्यालाही तेच सुचलं होतं?

"माझ्या पोरीला भेटायला माझी मोटर घालवलीस?" बाबा गरजले. "दार वाजवता येत नव्हतं?"

"तेवढी हिंमत नव्हती."

"चालता हो. परत ह्या बागेत पाऊल टाकू नकोस!"

हत्यारांची पेटी उचलून, मान खाली घालून तो फाटकाकडे निघाला. गप्प बसलं तर तो कायमचा जाणार, आणि बोललं तर बाबांच्या मनातून आपण उतरणार.

"थांब!" ती ओरडली. "बाबा... रोपवाटिकेत काम करते मी. मलाही माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तो परत यावा म्हणून..."

एस्बेनच्या हातून पेटी निसटली. गवतभर स्क्रू सांडले. "तू... पण?"

"हो. मी पण."

बाबांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. मारेनचे डोळे भरून आले.

"एक गाढव मी सहन केलं असतं," ते शेवटी म्हणाले. "माझ्या नशिबी जोडी आली. होडी आहे, वल्ही आहेत. दर शनिवारी दोघांनी वल्हवायचं, सबंध उन्हाळा. आणि होडीत कुणी बोलायचं नाही, मासे पळतात."

"दर शनिवारी?" एस्बेननं विचारलं.

"आधी ते हसू आवर. ही शिक्षा आहे!"

पहिल्याच शनिवारी होडी गोल गोल फिरायला लागली. एका फळीवर दोघं खांद्याला खांदा लावून बसलेले, एकेक वल्हं हातात. बाबा पाठ करून जाळं सोडत होते.

"जास्त ओढतेस तू," तो कुजबुजला.

"तूच कमी ओढतोस!"

"श्श!" बाबा म्हणाले.

सगळं शांत झालं. आणि मग, दार वाजवायचीही हिंमत नसलेला एस्बेन खणखणीत आवाजात म्हणाला, "मारेन, माझं प्रेम आहे तुझ्यावर!"

काठावरचे पक्षी फडफडत उडाले.

"गेले मासे," मागे न बघता बाबा म्हणाले. "आता उत्तर तरी दे त्याला."

तिनं वल्हं सोडलं आणि दोन्ही हातांनी एस्बेनचा चेहरा आपल्याकडे वळवला.