उरीव शून्य

“मॅडम, जे जनावर एकदा दुखावलं, ते तुमच्या कॅमेऱ्यापुढं पुन्हा येत नाही जी. ते बुजते. मोजाचं राहूनच जाते ते.”

सोमाजी मडावींनी मुग्धा वाढईला हे सांगितलं, तेव्हा ती वाघांच्या संख्येवर पीएचडी करत होती आणि मडावी तिचे वाटाडे होते. बेशुद्ध करून पट्टा बांधलेली एक वाघीण पुढची दोन वर्षं एकाही फोटोत आली नव्हती. पाणवठ्यावर पावलं मात्र रोज ताजी.

“असं एखादं असतंच, काका. सरासरीत निघून जातं ते.”

मडावी तंबाखू मळता मळता थांबले. “सरासरीतून निघून जाते. जंगलातून नाही जात.”

मुग्धा हसली होती. पुढे पदवी मिळाली, लग्न झालं, रेवा झाली आणि तेच गणित चंद्रपूरच्या माणसांना लागू झालं.

कारण उन्हाळा बदलला होता. नुसतं ऊन चंद्रपूरला नवीन नव्हतं; कूलर लावायचा, कांदा खायचा, दुपारी बाहेर पडायचं नाही. पण आता जूनच्या तोंडाशी काही दिवस उष्णतेबरोबर दमटपणाही यायचा. दमट हवेत कूलर कुचकामी. घामही वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. धडधाकट माणूससुद्धा सावलीत बसल्या बसल्या काही तासांत जातो. अशा दिवसांना ‘लाहीबंदी’ म्हणत. तीन-चार दिवस अख्खे वॉर्ड रिकामे करून माणसांना गारवाघरांत, म्हणजे थंड केलेल्या मोठ्या सभागृहांत, न्यायचं. गारवाघरांना वीज पुरत नसे, म्हणून या वर्षीपासून रिकाम्या वॉर्डांची वीज तोडायचं ठरलं.

पण वॉर्ड रिकामा झाला हे कळायचं कसं? तिथे मुग्धाचं गणित लागायचं.

“मले सांगा तरी, तुमी करता काय ऑफिसात?” वनितामावशींनी एकदा विचारलं होतं. रेवाला त्याच सांभाळायच्या. साठी उलटलेली बाई, आवाज खणखणीत. रेवा त्यांच्या मांडीवर वरणभात खात होती. म्हणजे निम्मा थुंकत होती.

मुग्धाने फुटाण्यांचा डबा पुढे ओढला. एक मूठ काढली, ते फुटाणे हळदीत घोळवले, परत डब्यात टाकून डबा हलवला. “हे पिवळे म्हणजे पहिल्या फेरीत सापडलेली माणसं. त्यांच्या मनगटावर आम्ही पट्टी बांधतो आणि निघायची तयारी करायला सांगतो. आता दुसरी मूठ काढा.”

मावशींनी मूठ काढली. दहा-बारा दाण्यांत तीन पिवळे.

“म्हणजे डब्यात न सापडलेले पुष्कळ आहेत. पण सगळेच पिवळे निघाले असते तर?”

“तर डब्यात दुसरं कोणी नाहीच.”

“बघा! आलं की तुम्हाला. दुसऱ्या फेरीत सगळ्यांच्या हाताला पट्टी दिसली की न सापडलेलं कोणी उरलं नाही. त्या उरलेल्यांच्या अंदाजाला उरीव म्हणतात. उरीव शून्य, की वॉर्ड बंद.”

मावशी मुठीकडे बघत राहिल्या. “आन् डब्याच्या बुडाशी चिकटून बसला असंल एखादा? दोन्ही खेपेला हातात नाही आला, तर?”

“तर तो नाहीच असं धरायचं.”

“बरं हाय मंग. ओढून तर नेणार नाही कोणी.”

त्याच क्षणी रेवाने वाटी उलटी केली. “अवं माय! आता काय फरशीले जेवू घालतं का?” मावशी ओरडल्या, मुग्धा हसत फडकं आणायला गेली, आणि ते वाक्य तिथेच राहिलं.

मुग्धाला ठाऊक होतं की मागच्या लाहीबंदीत मावशींना एका गारवाघरात नेलं होतं आणि त्यांच्या आजारी नवऱ्याला दुसऱ्या. मावशी तिथल्या प्रत्येक स्वयंसेवकाला नवऱ्याचा पत्ता विचारत होत्या. तिसऱ्या दिवशी कळलं, तो पहिल्याच रात्री गेला होता.

या वर्षी लाहीबंदी लागली, तेव्हा मुग्धा गारवाघराच्या कोपऱ्यात मांडीवर रेवा आणि समोर संगणकाचा पडदा घेऊन बसली होती. वॉर्ड नऊ, मावशींचा. पहिल्या फेरीत चारशे बारा माणसांना पट्ट्या बांधल्या. दुसऱ्या पथकाला तीनशे अठ्ठ्याऐंशी माणसं भेटली, सगळी पट्टीवाली; त्यांना गाड्यांत बसवून आणलं. उरलेले चोवीस आपले आपणच गारवाघरात आल्याची नोंद होती. उरीव शून्य.

तिने यादीत वनिता मेश्राम हे नाव शोधलं. नव्हतं. फोन लावला. बंद.

मुग्धा तशी फार काळजी करणारी. निजलेल्या रेवाच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची. गॅसचं बटण दोनदा तपासायची. दाराला कडी लावून पुन्हा ओढून बघायची. तिची काळजी थांबायची एकच जागा होती, आकडा. मावशी वरोऱ्याला बहिणीकडे गेल्या असणार, तिने स्वतःला सांगितलं. घरी असत्या तर उरीव शून्य आली नसती.

तिने ‘बंद’ दाबलं. वॉर्ड नऊची वीज गेली.

चौथ्या दिवशी मावशींच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. दोन्ही पथकं ते बघूनच पुढे गेली होती. मागचं दार आतून लावलेलं; ते तोडावं लागलं. त्या बाहेरून कुलूप घालून मागून आत शिरल्या होत्या. मुग्धाने रेवाला कडेवरून उतरवून शेजारणीकडे दिलं आणि आत गेली. मावशी पंख्याखाली चटईवर होत्या. भिंतीवरचं पंख्याचं बटण पाचवर होतं.

वीज तोडतात, हे तिने मावशींना सांगितलंच नव्हतं. फुटाण्यांत ते आलं नव्हतं.

त्या लाहीबंदीत शून्य उरीव असलेल्या वॉर्डांत अकरा जण मृत सापडले. त्यांतल्या नऊ जणांना मागच्या वर्षी गारवाघरात नेलेलं होतं.

मुग्धा गणित दुरुस्त करायला बसली. प्रत्येक माणूस सापडण्याची शक्यता सारखी, हे तिचं गृहीतक चुकलं होतं. बुजलेल्या माणसाची शक्यता जवळजवळ शून्य. पण नेमकी किती? ते कुठूनच कळत नव्हतं. दोन फेऱ्यांची तीच माहिती, मागे कोणी उरलं नसेल तरी जुळत होती आणि शंभर उरले असतील तरी जुळत होती.

“मग किती धरू?” जिल्हाधिकाऱ्यांनी विचारलं. “एक आकडा द्या मॅडम, मला वीज वाटायची आहे.”

“नाही देता येत, सर.”

“अंदाजे?”

“तोच तर देत होते.”

तिला झोपू देत नव्हतं ते वेगळंच. ज्यांना आपण वाचवतो त्यांतली काही माणसं पुढच्या वर्षी लपतात, आणि जितकी जास्त लपतात तितका आकडा स्वच्छ दिसतो. तिच्या कोष्टकात चंद्रपूर दरवर्षी अधिक सुरक्षित होत चाललं होतं.

नवं गणित सापडलं नाही, म्हणून पुढच्या वर्षीही जुनंच वापरणार आहेत. मुग्धाने विरोध नोंदवला आणि अहवालाच्या शेवटी, जिथे आभार मानतात, तिथे एवढं लिहिलं:

‘हे वाचणाऱ्या माणसा, तुझ्या गल्लीत असं कोणी आहे, ज्याला मागच्या खेपेला नेलं होतं आणि जो तेव्हापासून फारसा बाहेर दिसत नाही. मला त्याचं नाव माहीत नाही, तुला आहे. आज जा. पुढच्या दाराला कुलूप असेल तर मागच्या दाराने जा. नावाने हाक मार. ओ आली नाही, तर घरी परतू नकोस. पुन्हा हाक मार.’