टोपी सरळ कुठे वाढते

रविवारी टोप्यांच्या बाजारात एक माणूस आईसमोर उकिडवा बसला आणि पाऊण तास प्रश्न विचारत राहिला. टोपी कुठून सुरू करता? दिवसात किती विणून होते? हात कुठे दुखतो? पाऊस बारीक होता, पण तयार गवती टोपी भिजली की आकार जातो. म्हणून छत्री टोप्यांवर होती आणि मी पावसात.

"घ्यायची आहे का एखादी?" शेवटी मी विचारलं.

त्याने वर पाहिलं. पापण्यांवर पाणी होतं. "तुम्हाला काय वाटतं, मला शोभेल?"

"टोपी शोभेल. टोपीखालच्याची हमी आम्ही देत नाही."

आईने मला कोपर मारलं. तो हसला, उठला आणि टोपी न घेताच गेला. मी त्याला मनात चार शिव्या घातल्या… आणि दुपारपर्यंत त्या ओल्या पापण्या आठवत राहिले. उगाच कशाला लपवू?

सोमवारी तोच माणूस माझ्या आठवीच्या वर्गात शेवटच्या बाकावर वही उघडून बसलेला. नाव तादेओ सांगाय. गणिताच्या शिक्षकांचे तास बघून त्यांना मदत करायला आणि शेवटी चारपैकी गुण द्यायला शिक्षणखात्याने पाठवलेला. आमच्या गावाला, सेलेन्दीनला, वर्षभरात नऊ भेटी, मग बदली.

मी रेषीय संबंध शिकवत होते. फळ्यावर नेहमीचा तक्ता. वर एक, दोन, तीन, चार. खाली पाच, आठ, अकरा, चौदा. "पुढे काय?" म्हटलं की वर्ग ओरडतो, "सतरा!" अकरा वर्षं हा तास असाच सुखाने चालला होता.

तास संपल्यावर तो म्हणाला, "वर पाचच्या जागी एकदम वीस आला तर?"

"तर खाली बासष्ट येईल. वरच्याची तिप्पट अधिक दोन, साधं आहे."

"मुलांचंही बासष्टच येईल?"

दुसऱ्या दिवशी हट्टाने विचारून पाहिलं. एकतीसपैकी सव्वीस पोरांनी वीसच्या खाली सतरा लिहिलं. पोरं फक्त खालची ओळ वाचत होती, तीन मिळवत पुढे जात होती. वरच्या आकड्याचा खालच्याशी काही संबंध असतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी अकरा वर्षं बेरीज शिकवत होते आणि तिला रेषीय संबंध म्हणत होते.

राग त्याचा आला, अर्थातच.

पण पुढच्या भेटीची तारीख मी कॅलेंडरवर बघून ठेवली. सहाव्या भेटीपर्यंत कॉलरला इस्त्री करायला लागले. तासानंतर आम्ही शाळेच्या पायरीवर वाटलेल्या मक्याची उमिता खात बसायचो, गरम, मक्याच्या पानातून वाफ येणारी. तो कधी काही सांगायचा नाही. विचारायचाच.

"सर, तुम्ही सरळ बोलत का नाही?"

"सांगितलं की शिक्षक माझ्यासाठी शिकवायला लागतात. मी गेलो की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न."

"आणि पायरीवर बसल्यावर? इथे मी कुठे शिकवतेय?"

"अजून एक उमिता घेणार?"

"पाहा — परत प्रश्न."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

नववी भेट ही शेवटची. आसपासच्या शाळांचे बारा शिक्षक माझा तास बघायला बसणार होते आणि दुसऱ्या दिवशी तो बदलीच्या गावी, हाएनला, जाणार होता. तिथून इकडे यायला अख्खा दिवस लागतो. मला दोनच गोष्टी हव्या होत्या. तास बिघडू नये, आणि या माणसाने जाण्याआधी एकदा तरी काय ते बोलून टाकावं.

तासासाठी मी टोपी निवडली. टोपीचा प्रत्येक फेरा, प्रत्येकाला सारखा वेळ. फेरे वाढतील तसा वेळ वाढेल, सरळ रेघ. त्याने ते वाचलं आणि बराच वेळ कागद खाली ठेवला नाही.

"हे आईंना दाखवलंत?"

"मी टोपीवालीची मुलगी आहे, सर." विषय संपला. खरं म्हणजे, पोरगी शिकावी म्हणून आईने मला विणायच्या गवताला कधी हात लावू दिला नव्हता.

तासाला दहा मिनिटं झाली नाहीत तोच डेइसी उभी राहिली. तिची आईही विणते.

"बाई, असं नसतं. मधून सुरुवात करतात ना, तेव्हा फेरा एवढासा असतो. टाळू रुंद होते तसा फेरा मोठा होतो. वेळ सारखा कसा लागेल?"

बारा शिक्षक माझ्याकडे बघत होते. मी तादेओकडे पाहिलं. तो उठायच्या बेतात, बाकाची कड घट्ट धरून. माझा हात डस्टरकडे गेला होता. तो मी मागे घेतला.

"मग सारखा वेळ कुठेच लागत नाही?" मी वर्गाला विचारलं.

एकदम गलका. "बाजूला लागतो, बाई! टाळू झाली की टोपी खाली उतरते, तिथे घेरा तोच राहतो."

त्यांनीच तक्ता केला. टाळूला दोन दिवस, मग प्रत्येक बोट उंचीला अर्धा. दहा बोटांना किती? सात दिवस, एकतीसपैकी एकतीस. "रेघ शून्यातून का निघत नाही?" "दोन दिवस आधीच गेलेत ना, बाई." आणि खालचा पसरट काठ सुरू झाला की फेरे परत मोठे होतात, म्हणून तिथे रेघ वाकणार, हेही त्यांनीच सांगितलं. मला इतका आनंद झाला की शेवटची पाच मिनिटं मीच बोलत सुटले.

पाहुणे गेल्यावर मी त्याला व्हरांड्यात गाठलं.

"तुम्हाला माहीत होतं. आईनेच सांगितलं होतं, बाजारात."

"हो."

"आणि मला तोंडघशी पडू दिलंत?"

"सावरलं नसतंत तर मी उठलो असतो." त्याने कागद पुढे केला. अहवालाची प्रत. चारपैकी तीन.

"तीन?"

"शेवटची पाच मिनिटं पोरांना बोलू दिलं नाहीत." तो थांबला. "अहवाल आत्ताच पाठवला. आता मी तुमचा परीक्षक नाही. नेरी… मला तुम्ही आवडता. बाजारात पाहिलं तेव्हापासून. आधी बोललो असतो तर या तीनला काही किंमत राहिली नसती. मी दर शनिवारी हाएनहून येईन."

रागाने आणि आनंदाने एकदमच माझे डोळे भरून आले.

"मलाही तुम्ही आवडता," मी म्हटलं. "एक शनिवार तुम्ही या, एक मी येईन. आणि तीन मला मान्य नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाकडून तरी चार घेऊन दाखवीन."

"दाखवाल," तो म्हणाला आणि माझा हात धरला.

सुट्टीची घंटा झाली तरी दोघांपैकी कुणी हात सोडला नाही. डेइसीसकट अख्खी आठवी खिडकीत जमली होती. मी घरी पोचायच्या आत आईला सगळं कळलं होतं.