पंधरावा प्रश्न रिकामा

तज्ज्ञ क्रमांक एकवीस जिना चढून ऑफिसात आला, तेव्हा ती टेबलाखाली शिरून प्लग शोधत होती. त्यामुळे तिला सगळ्यात आधी दिसले ते त्याचे बूट. चिखलाने पार माखलेले.

"इंटरनेटची पाहणी इथेच चालते ना?" बुटांनी विचारलं.

उठताना तिच्या डोक्याला टेबल लागलं. त्याच्या हातात कागदांचा गठ्ठा होता, वर 'तज्ज्ञ क्रमांक एकवीस' लिहिलेलं. "इथेच. पण... कागदावरचा अर्ज आम्ही घेत नाही. ऑनलाइन भरायचा असतो."

"भरला असता हो. आमच्याकडे आठ दिवस इंटरनेटच बंद आहे."

"आणि पहिलाच कुठला प्रश्न अडला?"

तो ओशाळून हसला. "'सर्वांना इंटरनेट सहज मिळतं का?'"

डोकं चोळता चोळता तिलाही हसू आवरेना.

या ऑफिसातून चौतीस देशांतल्या तज्ज्ञांना सारखेच प्रश्न जात. इंटरनेट कुठवर पोचलं, सरकारला माहिती विचारली तर ते देतं की टोलवतं... प्रत्येक उत्तराला शून्य ते दहा गुण द्यायचे, शेजारी कारण लिहायचं आणि पुरावा जोडायचा. तज्ज्ञांच्या मागे लागायचं, पुराव्याशिवाय आलेलं उत्तर परत पाठवायचं, हे तिचं काम. ती त्यासाठीच जन्मली होती म्हणा ना! घरी आई तिला लहानपणापासून 'प्रश्नपत्रिका' म्हणायची. यंदा, दोन वर्षं मागे लागल्यावर, तिला अहवालातलं स्वतःच्या देशाचं प्रकरण मिळालं होतं. पुढच्या महिन्यात सगळ्या देशांच्या पाहुण्यांसमोर ते तीच मांडणार होती. त्यासाठी आईने साडीसुद्धा काढून ठेवली होती.

एकवीस नंबरला ती नावाने ओळखत नव्हती, पण त्याच्या 'कारण' या रकान्याने ओळखत होती. बाकीचे तिथे एखादी ओळ खरडत. याने पहिल्या फेरीत लिहिलं होतं : 'वाचनालयात इंटरनेट आहे, पण ग्रंथपाल बाई खिडकीशी उजव्या पायावर उभ्या राहिल्या तरच. गुण तीन.' तिने खोचकपणे विचारून पाठवलं होतं, 'उजव्याच पायावर का?' त्यावर हा गृहस्थ पुन्हा तिथे जाऊन आला होता! 'डावा गुडघा दुखतो. पाय आणि इंटरनेट यांचा संबंध नाही. गुण तेच.'

"म्हणजे उजवा पाय तुमचाच!" ती म्हणाली.

"बाईंचा," तो म्हणाला. "आणि ते खोचक प्रश्न... तुमचे?"

शेजारचं टेबल रिकामं होतं. त्याने तिथे बसून कागदावरचं सगळं संगणकावर चढवायला घेतलं. एका दिवसाचं काम होतं. त्याला तीन दिवस लागले.

"इतकं हळू टाइप करता?" तिसऱ्या दिवशी तिने विचारलंच.

"बरोबर टाइप करतो."

"मघापासून एकच बोट चालतंय."

"म्हणजे तुम्ही मोजताय तर..."

ती गडबडीने पडद्याकडे वळली. बूट आज पुसलेले होते, हे तिने सकाळीच पाहिलं होतं. का पुसले असतील? कोणासाठी? विचारायला जीभ नुसती वळवळत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला विचारवेना.

चार वाजता त्याचा अर्ज तिच्या पडद्यावर आला. सगळं चोख, फक्त पंधरावा प्रश्न रिकामा. 'तुमचा अर्ज तपासणाऱ्या व्यक्तीशी तुमचे जवळचे संबंध आहेत का?' तिने सवयीने लिहून परत पाठवलं : 'उत्तर अपूर्ण.' दोन हातांवरून उत्तर आलं : 'जाणून आहे.'

तिने खुर्ची वळवली. "अहो, 'नाही' लिहा आणि मोकळे व्हा. उद्या दुपारी बारानंतर अर्ज घेतला जाणार नाही. तुमच्याशिवाय आपल्या देशाचं प्रकरणच गळेल."

"'नाही' लिहिणं... खोटं वाटतं."

"मग 'हो' लिहा!" ती बोलून गेली आणि तिचे कान तापले.

"'हो' लिहिलं तर नियमाप्रमाणे हे प्रकरण तुमच्या हातून जाईल. ते तुम्ही मांडणार आहात ना? दोन वर्षांनी मिळालंय, असं परवा फोनवर आईंना सांगत होतात." तो खाली पाहत म्हणाला. "मी तुमच्या आड येणार नाही. उद्या अकराला येऊन 'नाही' लिहून जातो. आणि मग... काम संपलंच माझं."

तो जिना उतरून गेला. शेजारची खुर्ची बराच वेळ हलत होती. तिला रडू येत होतं आणि रागही. तीन महिने गावोगाव पायपीट करून एकेक खरं उत्तर आणणारा माणूस उद्या तिच्यासाठी एक खोटं लिहिणार होता, आणि ते तपासून त्यावर 'बरोबर' अशी खूण तिलाच करायची होती.

सकाळी ती थेट मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. बाई म्हणजे ऑफिसच्या प्रमुख.

"मॅडम, एकवीस नंबरचा अर्ज मी तपासू शकत नाही. संबंध... जाहीर करायचा आहे."

बाईंनी चष्मा काढला. "किती दिवसांपासून?"

"तसं अजून काहीच नाही, मॅडम."

"मग जाहीर काय करतेस?"

"शक्यता."

बाईंनी चष्मा पुन्हा लावला. "प्रकरण दुसऱ्याकडे जाईल. मंचावरही तोच उभा राहील. कळतंय ना?"

"कळतंय," ती म्हणाली. साडी डोळ्यांसमोर आली होती.

अकराला तो आला, तर जिन्यात तीच उभी.

"पंधराव्याला 'हो' लिहा," ती एका दमात म्हणाली. "प्रकरण मी सोडलंय. सांगून सोडलंय, बाईंना."

तो पायरीवर तसाच थबकला. "दोन वर्षं... माझ्यासाठी?"

"खऱ्या उत्तरासाठी," ती म्हणाली. मग तिलाच ते अपुरं वाटलं. "आणि तुझ्यासाठी."

'तू' तोंडातून निघून गेलं होतं. परत घेण्याची तिची इच्छाही नव्हती.

तो दोन पायऱ्या वर आला. "'हो'ला पुरावा जोडावा लागतो. काय जोडू?"

तिने हात पुढे केला. त्याने तो धरला आणि दोघं वर गेली. बारा वाजायला अजून तास होता, पण तो एकाच बोटाने टाइप करायचा.