काचेवरचं कुंकू

हे मी रचलेलं नाही. रचलं असतं, तर स्वतःला जरा बरं दाखवलं असतं.

जर्मनीतलं रेगेन्सबर्ग. गेल्या जानेवारीतला शनिवार, संध्याकाळचे पाच. बाहेर काळोख झालेला.

आमच्या भाड्याच्या फ्लॅटच्या पॅसेजमध्ये घरमालकिणीचं एक जुनं चित्र आहे. अठराव्या शतकातली इंग्रज बाई, डोक्यापासून पायापर्यंत, माणसाएवढी. रुपेरी रेशमी झगा, पावडर लावलेले उंच केस, त्यात पिसं. वर काच. चित्र हलवणार नाही, अशी मीटफेरट्रागमध्ये, म्हणजे भाडेकरारात, आमची सहीच घेतलीय.

त्या दिवशी माझ्याकडे हळदीकुंकू होतं. बाबांना जाऊन आठ महिने झाले होते, म्हणून आईला मुद्दाम इकडे आणलं होतं. तिळाच्या वड्या तिनंच केल्या.

बायका यायच्या आधी माझी मैत्रीण शुभाताई कानाशी येऊन म्हणाली, "निधी, काकूंना आत बसव ना जरा. उगाच कोणाला ऑकवर्ड नको. आल्झो... म्हणजे, तूच बघ."

मी बघितलं.

"आई, तू दमलीयस. आत पड जरा."

"बरं," आई म्हणाली. बेडरूमचं दार मीच लावलं.

मग हसण्याखिदळण्यात कोणीतरी म्हणालं, "अगं, या मड्डमलाही लावा की!" मी हात उंचावून काचेवर, बरोबर तिच्या कपाळाशी, कुंकू लावलं. सगळ्या हसल्या.

तिचा नवरा होता की गेला होता, हे तिला कोणीच विचारलं नाही.

थोड्या वेळाने...

पॅसेजमध्ये रेशमाची सळसळ झाली.

बायका तर सगळ्या हॉलमध्ये होत्या.

सळसळ बेडरूमपाशी जाऊन थांबली... दार वाजलं नाही.

मी उठून पाहिलं. काच स्वच्छ होती. कुंकू नव्हतं.

आणि आतून आई हसली... आठ महिन्यांनी पहिल्यांदा.

मी दार उघडलं. आई पलंगावर एकटीच बसली होती. कपाळावर ठसठशीत कुंकू.

"कोणी लावलं?"

"तुझी ती उंच मैत्रीण गं, पायघोळ झग्यातली. मी म्हटलं, मला चालत नाही. ऐकेचना. बोट केवढं गार तिचं..."

खरं सांगते, तेव्हा भुताहून जास्त भीती मला शुभाताईची वाटली. मी ओला टिशू घेतला आणि आईचं कपाळ पुसलं.

घसाघसा.

आईने डोळे मिटून घेतले. पुढच्या आठवड्यात ती पुण्याला परत गेली. मी अजून तिची माफी मागितलेली नाही.

चित्रातल्या बाईचं एक बोट आता लाल आहे. घर ताब्यात घेताना काढलेल्या फोटोत सगळी बोटं पांढरी आहेत. काच पुसून पाहिली... रंग आतल्या बाजूने आहे.

यंदा फोनवर म्हटलं, "आई, ये ना गं संक्रांतीला."

तिने आधी एवढंच विचारलं,

"ती आहे का अजून तिथे?"

"आहे."

"मग येईन. तिच्याकडे."

आईचं विमान परवा आहे. काल पाच वाजता पॅसेजमध्ये पुन्हा सळसळ झाली...

मी हॉलमधून उठले नाही.