दवळा

प्रयोगशाळेतली ती खोली पूर्ण करडी होती. छत, जमीन, टेबल, खुर्ची, सगळ्याला एकच करडा रंग दिलेला, म्हणजे डोळा कुठे अडकायला नको. डॉ. वैजयंती धारप खुर्चीत बसली होती. समोरच्या पडद्यावर दोन पिवळ्या चकत्या होत्या.

"सारख्या आहेत?" काचेपलीकडून डॉ. नगरकरांनी विचारलं.

गेले काही आठवडे ती रोज या खोलीत बसून "हो" म्हणत होती. आज ती पुढे झुकून डावीकडची चकती बघत राहिली.

"वैजयंती?"

"डावीकडची वेगळी आहे, सर."

"कशी?"

"पिवळीच आहे. पण पिवळ्यात आणखी काहीतरी मिसळलंय. पाणी म्हणावं तर पाणी नाही, सावली म्हणावी तर सावलीही नाही." ती थांबली. "मला शब्द सापडत नाहीये."

नगरकरांनी चष्मा काढला आणि उगाच पुसत बसले. आयुष्यातली वीस वर्षं त्यांनी या एका उत्तरासाठी घालवली होती.

वैजयंती त्यांचीच सहकारी. डोळ्यांतल्या रंगद्रव्यांवर काम करणारी, आणि त्यामुळे प्रयोगाची पहिली स्वयंसेविकाही तीच. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. एका निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवरून तिच्या डोळ्यांत एक नवं जनुक पोचवलं होतं, आणि काही शंकुपेशींनी आता चौथंच रंगद्रव्य बनवायला सुरुवात केली होती. मेंदूला ते वाचायला शिकायला वेळ लागला, इतकंच.

त्या संध्याकाळी ती गंगापूर धरणाच्या काठाकाठाने घरी गेली. पाण्यावर, कडुनिंबाच्या पानांच्या मागच्या बाजूला, एका पारव्याच्या मानेवर तो नवा रंग होता. तो कुठून आलेला नव्हता, आधीपासूनच तिथे होता. घरी पोचायला तिला फार उशीर झाला, कारण ती सारखी थांबत होती.

आणि घरी येऊन तिने कपाट उघडलं.

कपड्यांचा तिला कधीच नाद नव्हता. काळा कुर्ता, काळी सलवार, काळी ओढणी. जुळणीचा प्रश्नच नको म्हणून काळं. आता त्या तीन काळ्यांचं एकमेकांशी काहीच नातं नव्हतं. ओढणी तर त्या दोघांशी भांडत होती. निळ्या साडीवरचा निळा ब्लाउज परक्या घरातून आल्यासारखा दिसत होता. दुसऱ्या दिवशी ती तेच काळे कपडे घालून बाहेर पडली आणि दिवसभर कपडे उलटे घातल्यासारखी अवघडून बसली. मग तिने आठवडाभर प्रयोगशाळेचा पांढरा कोट गळ्यापर्यंत बटणं लावून घातला.

"ऑक्टोबरच्या परिषदेत हाच कोट घालून उभी राहणार आहेस का?" नगरकर म्हणाले. "सगळं जग बघणार आहे तुला. कुणाची तरी मदत घे."

फरीदा शिकलगार या वेषसल्लागार होत्या. शहरातल्या मोठ्या दुकानांतून आता यंत्रंच माणसाची देहछाया घेऊन कपडे सुचवत, तरी फरीदाताईंच्या दुकानात येण्यासाठी महिनामहिना आधी वेळ ठरवावी लागे. मूळच्या मिरजेच्या, पन्नाशीच्या, आवाज बारीक. पहिल्या भेटीत त्यांनी एकही कपडा दाखवला नाही. दिवसभर किती वेळ बसता, किती चालता, प्रयोगशाळेत थंडी वाजते का, हात सारखे वर करावे लागतात का, हेच विचारत राहिल्या.

"कपाट रोजच्या दिवसावर बांधायचं असतं," त्या म्हणाल्या. "लोक सणावर बांधतात आणि मग घालायला काही नाही म्हणून रडतात."

दुसऱ्या भेटीत त्यांनी मरून साडीवर मरून ब्लाउजपीस ठेवला. वैजयंतीचा चेहरा आंबट झाला.

"नाही आवडलं?"

"ताई, हे दोन रंग वेगळे आहेत."

"एकाच ठाणाचे वाटावेत इतके सारखे आहेत. पंचवीस वर्षं हेच करतेय मी."

"तुमच्या डोळ्यांना सारखेच आहेत. माझ्याही होते, दोन महिन्यांपूर्वीपर्यंत." वैजयंतीने दोन्ही कापडं खिडकीशी नेली. "असं बघा. रंग कापडात नसतो. कापड प्रकाशाचं एक मिश्रण परत पाठवतं. डोळा त्याचे फक्त तीन आकडे वाचतो आणि बाकीचं सोडून देतो. दोन वेगळ्या मिश्रणांचे तीन आकडे जुळले की आपण म्हणतो, रंग जुळला. मी आता चौथा आकडाही वाचते. तो जुळत नाही."

फरीदाताईंनी कापडं बोटांत धरून बराच वेळ पाहिली. "म्हणजे आम्ही सगळे आजवर निम्म्याच खुणेवर जुळवत आलो."

"तसं म्हणता येईल."

"मग तुमच्यासाठी दोन कसोट्या. तुम्ही घालणार, तेव्हा तुमच्या डोळ्यांना पटलं पाहिजे. पण बघणार बाकीचे, तेव्हा माझ्या डोळ्यांनाही पटलं पाहिजे. दोन्हीत उतरेल तेच घ्यायचं."

त्यात पावसाळा गेला. शंभरातली नव्वद कापडं एका ना दुसऱ्या कसोटीत गळत. कपड्याचा बेत, उंची, कापड अंगावर कसं पडेल ते, बाहीची लांबी फरीदाताई ठरवत. डोळे मिटून हात फिरवून कापड कुठलं ते सांगत. रंगाचं वैजयंती बघे. एकमेकींना न दिसणारं एकमेकींना सांगता सांगता दोघींची मैत्री झाली. कपाट हळूहळू भरलं: निळीत रंगवलेले दोन लांब अंगरखे, कच्च्या सुताच्या विजारी, हळदीत बुडवलेली एक ओढणी, गर्द खणाचं जाकीट. थोडेच, पण कशावर काहीही घाला, शांत वाटावं असे.

आणि एक साडी. हातमागाची, साधी, उंदरी करडी.

"ही?" फरीदाताई म्हणाल्या. "ही दोन वर्षं पडून आहे. कुणी हात लावत नाही."

वैजयंतीने ती मांडीवर घेतली होती. धरणाच्या पाण्यावरचा तो रंग त्या सुतात काठोकाठ भरला होता. तिने तोंड वळवलं, कारण डोळे भरून आले होते आणि दुकानात इतर बायका होत्या. फरीदाताईंनी साडीला शोभेल असा पांढऱ्या रेशमाचा बारीक काठ जोडून दिला आणि म्हणाल्या, "आता माझ्या कसोटीतही पास."

सप्टेंबरात आई आली, अकोल्याहून, कुमुद धारप. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. घरात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती: आईला रंगाचं काही कळत नाही. लग्नाच्या सुरुवातीला म्हणे ती असल्या जोड्या घालायची की बघणाऱ्यांना हसू आवरत नसे. पुढे वैजयंती आणि तिची वहिनी आईच्या साड्या आणू लागल्या, ब्लाउज जुळवून. आई "छान आहे" म्हणायची आणि घालायची.

"आई, माझं नवं कपाट बघ."

आई समोर उभी राहिली. एरवी ती नजर टाकून "छान" म्हणाली असती. आज ती एकेका कपड्यावरून हात फिरवत करड्या साडीपाशी आली आणि तिने ती बाहेर ओढली.

"अगंबाई! दवळी साडी. कुठे मिळाली तुला?"

"कसली?"

"काही नाही." आई साडीची घडी घालू लागली. "लहानपणचा शब्द आहे. पिवळा, सावळा, तसा दवळा. दव पडलं की गवतावर दिसतो ना... जाऊ दे. छान आहे."

वैजयंतीने टेबलाच्या खणातून ते दोन मरून तुकडे काढले. परिषदेत दाखवायला ते फरीदाताईंकडून कापून आणले होते.

"आई, हे सारखे आहेत ना?"

आईने कापडाकडे पाहिलं. मग मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, जरा जास्त वेळ.

"हो. सारखेच आहेत."

"खरं सांग."

"खरं सांगितलं की तुम्ही हसता."

वैजयंती तिच्या शेजारी पलंगावर बसली. "मी नाही हसणार. मला ते दोन वेगळे दिसतात. या शहरात फक्त मलाच दिसतात असं मी समजत होते."

आईने दोन्ही तुकडे हातात घेतले आणि अगदी हळू, कुणी ऐकेल या भीतीने म्हणाली, "हा उजवा दवळ्याकडे झुकतो. डावा कोरडा आहे."

दुसऱ्या दिवशी आई करड्या खोलीत बसली. नगरकर चकत्या दाखवत गेले आणि ती शाळेत नकाशावर नद्या दाखवाव्यात तशा शांतपणे उत्तरं देत गेली. एकदाही चुकली नाही.

"यांना काही टोचलेलं नाही," नगरकर पुटपुटले. "मग कसं?"

"हृषीदादामुळे कळतं," वैजयंती म्हणाली. तिला उत्तर रात्रीच सापडलं होतं. "माझ्या भावाला लाल-हिरव्याचा घोळ होतो, सर. त्याचा हिरवा शंकू लालाकडे सरकलेला आहे. ते जनुक क्ष गुणसूत्रावर असतं, म्हणजे ते त्याला आईकडूनच मिळालं. त्याच्याकडे क्ष एकच, त्यामुळे त्याला सरकलेलाच शंकू मिळाला, नेहमीचा मिळालाच नाही. आईकडे क्ष दोन आहेत. एकावर नेहमीचा हिरवा, दुसऱ्यावर सरकलेला."

"आणि निळा, लाल धरून चार," नगरकर म्हणाले. "मुलात जे उणं पडलं, ते आईत जादा होतं. आणि तुला?"

"मला आईचा साधा क्ष आला."

काचेपलीकडे आई पदर सारखा करत होती. साडी मोरपंखी होती, वैजयंतीनेच दिवाळीला दिलेली. ब्लाउज जुळवायला ती तीन दुकानं हिंडली होती. आज वैजयंतीला दिसलं की तो अजिबात जुळत नव्हता. ती स्वतः असल्या कपड्यांत एक आठवडा काढू शकली नव्हती. आईने त्यात वर्षानुवर्षं काढली होती, आणि प्रत्येक वेळी छान म्हटलं होतं.

फरीदाताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि आईला आतल्या खोलीत नेलं.

"तुम्हाला काय आवडतं?"

"आमच्याकडे मुलगी निवडते," आई म्हणाली.

"मग मुलगी बाहेर बसेल."

वैजयंती बाहेर बसली. आतून आधी ठाणं उलगडल्याचा आवाज आला, मग आईचा हसण्याचा. बोलावल्यावर ती आत गेली. आईने मोहरीसारख्या साडीवर राखी-जांभळा ब्लाउज धरला होता.

"कसं दिसतं?" आईने फरीदाताईंना विचारलं. "खरं सांगा हं."

"खरं सांगू? जरा विचित्र दिसतं."

"आणि तुला, वैजू?"

त्या दोन कापडांच्या मध्ये दवळा वाऱ्यासारखा इकडून तिकडे जात होता. "आई, मी एवढं सुंदर काही पाहिलेलं नाही."

"मग मी विचित्रच घेते," आई म्हणाली.

आई परत अकोल्याला गेली नाही. दोघी सकाळी धरणावर फिरायला जात. आई नावं सांगे. एका एकट्या लहान मुलीने साठ वर्षांपूर्वी ठेवलेली नावं: दवळा, त्याहून फिका तो ओसर, तांबड्यातला तो रुणका. वैजयंती त्यांना रंग जोडत जाई. असं वाटे की दोघी कुणालाच ठाऊक नसलेल्या गावात राहतात आणि तिथे दुसरं कुणी नाही.

ऑक्टोबर लागला तेव्हा वैजयंती करड्या खोलीत पुन्हा अडखळायला लागली. आधी एखादी चकती, मग बऱ्याच. नगरकरांनी रक्त तपासलं आणि तिला समोर बसवलं.

"शरीराने विषाणू ओळखलाय. ज्या पेशींनी नवं रंगद्रव्य बनवलं, त्यांचं काम बंद पाडतंय. दुसरी मात्रा दिली तर डोळाच सुजेल. मी देणार नाही."

"आणि आईचा चौथा शंकू?"

"तो जन्माचा आहे. तो कुठे जातोय?"

परिषदेच्या दिवशी सकाळी वैजयंती कपाटासमोर उभी राहिली. सगळे कपडे चांगले होते, एकमेकांना शोभत होते. फरीदाताईंच्या कसोटीला उतरलेलेच ते. तिने ती करडी साडी काढली. ती आता नुसती उंदरी करडी होती.

आई आली. तिने मुलीच्या हातातून साडी घेतली, निऱ्या घातल्या, वाकून खाली सारख्या केल्या.

"खिडकीतून ऊन येतंय ना," आई बोलत होती, "तिथे दवळा जरा जास्त आलाय. खांद्यावर ओसराकडे जातो. आठवतंय ना तुला?"

"आठवतंय," वैजयंती म्हणाली.

आईने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. असली उत्तरं तिने जन्मभर दिली होती. तिने पदराला पिन लावली, तो मुलीच्या खांद्यावर नीट पसरला आणि तिथेच हात ठेवून उभी राहिली.