बाराव्या पिंपाचा धूर

"सोयरीक मोडायची का नाय, तेवढंच सांगा," धनेश म्हणाले आणि त्यांनी दोन बाटल्या टेबलावर ठेवल्या. शेजारी वाटीत त्यांच्या मुलीची, उन्नतीची, साखरपुड्याची अंगठी पडली होती. त्यांनीच ती सकाळी काढायला लावली होती.

उलव्यातल्या या चार मजली घरी धनेशनी खासगी गुप्तहेर ज्ञानेश्वरीला कामोठ्याहून तातडीने बोलावून घेतलं होतं. सोबत तिचा मामा विलास होता. बँकेतून निवृत्त झाल्यापासून तो भाचीच्या कामात लुडबुड करायचा आणि हटकून भलत्याच माणसावर संशय घ्यायचा. आजही त्याची पूर्ण तयारी होती.

होणारा जावई कुंदन गोव्याच्या एका डिस्टिलरीत पिंपांची देखरेख करायचा. काल साखरपुड्याला त्याने सासऱ्यांसाठी दोन जुळ्या पिंपांतली सिंगल माल्ट व्हिस्की आणली होती, अकरा आणि बारा नंबरची. एकाच दिवशी भरलेली आणि दोन्ही धुरकट. पीट नावाची दलदलीतली माती जाळून तिच्या धुरावर बार्ली सुकवली की तो वास व्हिस्कीत उतरतो.

"पैला गलास अकराचा, त्यात धूरच धूर," धनेश म्हणाले. "दुसरा बाराचा, त्यात काय नाय, निस्ती पानचट. अन् तिच्या बुचावरची लाख आधीच तुटलेली. यानं अर्धी ढोसली अन् वर पानी भरलं. असल्या मानसाला पोर देऊ?"

उन्नतीचे डोळे रडून सुजले होते. विलासला तिची दया आली, पण लाखेचं त्यालाही पटलं.

"लाख प्रवासात तुटली, मॅडम," कुंदन म्हणाला. "जुळ्या पिंपांतही थोडा फरक येतो, पण एवढा नाही. आणि ही थेट पिंपातली आहे, बारीक गाळलेली नाही. जास्त पाणी पडलं की गढूळ होते."

ज्ञानेश्वरीने बारा नंबर खिडकीशी धरली. व्हिस्की नितळ होती.

धनेशचा भाऊ नामा खालच्या मजल्यावर राहायचा. बाटल्यांच्या कपाटाची चावी कुठे असते ते त्याला ठाऊक होतं. "मला नको ती दारू," तो म्हणाला. "औषधावानी धुराचा वास. काल सांजचा बाहेरून आलो, तवा धनेशचा दुसरा गलास चालला व्हता. दारातच हुंगला अन् परत दिला."

विलासने नामाकडे खुणावत भाचीला कोपराने ढोसलं. तिने लक्ष दिलं नाही. ती धनेशच्या बायकोकडे वळली होती. गोजरा गॅलरीत शेगडीतली राख काढत होती.

"काल काय भाजलं, काकू?"

"सुके बोंबील. यांना पैला गलास कोरडा, चाखन्याबिगर चालतो, दुसऱ्याला बोंबील लागतोच. घरभर धूर झालता, डोले चुरचुरत व्हते."

"बाटल्या आणि बर्फाचं पाणी घेऊन सगळे गच्चीवर चला," ज्ञानेश्वरी म्हणाली.

गच्चीवर खाडीचा मोकळा वारा होता. तिने पाठ फिरवून दोन ग्लास भरले. धनेशनी पहिला हुंगला, घोट घेतला. "ही अकरा. काय धूर हाय."

"ही बारा," ती म्हणाली.

तिने त्याच ग्लासात बर्फाचं पाणी ओतलं. व्हिस्की हळूहळू गढूळ झाली.

"अर्धं पाणी असतं तर बाटली आधीच अशी दिसली असती. ती नितळ आहे. मग धूर गेला कुठे? कुठेच नाही. काल अकरा तुम्ही कोरडी प्यायलात. बारा उघडली तेव्हा घरात बोंबलाचा धूर आणि तोंडात बोंबील. तुमचं नाक धुराने भरलेलं होतं, त्याला आणखी धूर कळणार कसा? नामाकाका बाहेरून आले होते. त्यांना तोच दुसरा ग्लास हुंगताच धूर लागला, म्हणजे बाराचा. तुमचा जावई खरं बोलतोय."

विलासच्या जिवात जीव आला. तेवढ्यात धनेश खाली गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात वाटी होती.

"रात्रभर डोल्याला डोला नाय माझा," ते म्हणाले. "खोटा निघाला असता तर पोरीला काय तोंड दाखवलं असतं? कुंदन, सकालचं बोलनं पोटात घाल."

"घातलं, पप्पा," कुंदन म्हणाला.

धनेशनी अंगठी उन्नतीपुढे धरली. तिने ती घेतली नाही, बोट पुढे केलं. काढायला त्यांनी लावली होती, तेव्हा घालायचीही त्यांनीच होती.