हेस्टोय बेटाची चोरी

दोन हजार दोन सालच्या एका शनिवारी सकाळी नऊ वाजता याकूब परकार शहरबानूच्या दुबईतल्या देरा भागातल्या ऑफिसात शिरले आणि खुर्ची ओढायच्या आधीच म्हणाले, "आपा, माझं एक बेट चोरीला गेलं."

गुणवंतने पेनाला टोपण लावलं. "जुमेऱ्याला समुद्रात भरणी चाललीय, त्यातलं?"

"नाही. नॉर्वेचं."

शहरबानू मूळची दाभोळची. विमा कंपन्यांसाठी हरवलेल्या मालाचा माग काढणं हे तिचं बारा वर्षांचं काम. तिच्या हाताखालचा गुणवंत फायली नीट ठेवी आणि निष्कर्ष घाईने काढी.

"बसा, याकूबभाई. पहिल्यापासून सांगा."

याकूबभाईंचा शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात इमारतींची मॉडेल्स बनवण्याचा वर्कशॉप होता. दुबईत सोमवारपासून बंदरं आणि मासळीव्यवसायाचं प्रदर्शन भरणार होतं. नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या स्कालविक नावाच्या नगरपालिकेने तिथे स्टॉल घेतला होता आणि महापौर स्वतः येणार होते. त्यांनी आपल्या साऱ्या मुलुखाचं आठ फुटी मॉडेल मागवलं होतं: डोंगरात शिरलेली खाडी, मासे वाळवायच्या लाकडी चौकटी, टाऊन हॉल, आणि समोर हेस्टोय बेट.

"आज सकाळी कुलूप उघडलं तर बेट नाही. तिथे समुद्र."

"भोक?"

"भोक नाही आपा, समुद्र. निळा, गुळगुळीत. चोराने पुट्टी भरून रंग मारलाय."

"संशय कोणावर?"

"किसन मेस्त्री. बेट त्यानेच बनवलं. प्रदर्शन झाल्यावर ते मला द्या म्हणून मागे लागला होता. त्याला कामावरून काढलाय. पासपोर्ट माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. संध्याकाळी व्हिसा कॅन्सल, खलास."

"संध्याकाळपर्यंत थांबाल ना?" शहरबानूने पर्स उचलली.

वर्कशॉपमध्ये याकूबभाईंची मुलगी नबिला मॉडेलपाशी उभी होती. पाट्यांवरची अक्षरं तिच्या हातची. बेट होतं तिथे आता लाटासुद्धा शेजारच्या लाटांशी जुळवून काढलेल्या होत्या. गुणवंतने तिथे बोट दाबलं आणि मग रंग ओला असेल हे आठवून बोट पाहिलं. कोरडं होतं.

"कुठला रंग?" शहरबानूने विचारलं.

"ऑइल पेंट," याकूबभाई म्हणाले. "एवढा जाड थर वाळायला पूर्ण दिवस लागतो. काल शुक्रवार, वर्कशॉप बंद. गुरुवारी एकला सगळे व्हॅनमधून गेले, किसनपण."

"किल्ली?"

"शेजारच्या कॅफेटेरियात टांगलेली असते. ओळखीच्या कोणीही मागितली की कॅफेटेरियावाला देतो. कोणाला दिली ते त्याला आठवत नाही."

शहरबानू वाकून टेबलाखाली गेली. जमिनीवर घडी घातलेल्या वर्तमानपत्रावर बेट बसवलेले चार स्क्रू होते. चार कोपऱ्यांत चार, आणि प्रत्येकाशेजारी पेन्सिलीने आकडा: एक, दोन, तीन, चार.

"Dad, this isn't my number," नबिला एकदम म्हणाली. ती स्कालविकच्या माहितीच्या पाटीकडे पाहत होती. "I wrote four thousand two hundred ten."

लोकसंख्येचा आकडा पांढऱ्या रंगाने झाकून कोणीतरी वर सुबक अक्षरात लिहिलं होतं: ३,८९५.

"चोर बेट नेतो आणि वर पाटी दुरुस्त करतो?" याकूबभाई खुर्चीत बसले.

"बेटाची वस्ती किती होती?"

नबिलाने नॉर्वेहून आलेलं जुनं माहितीपत्रक उघडलं. "तीनशे चौदा."

गुणवंतने कॅल्क्युलेटर काढला. "चार हजार दोनशे दहातून तीनशे चौदा गेले, तीन हजार आठशे शहाण्णव. चोराचं गणित कच्चं आहे, मॅडम." ते त्याने वहीत लिहूनही घेतलं.

किसन सोनापूरच्या कामगार कॅम्पमध्ये होता. आठ जणांची खोली, दुमजली खाटा. तो खालच्या खाटेवर बसून होता. बाकीचे त्याच्याशी बोलत नव्हते.

"सकाळपासून तिघांनी पेटीला कुलूप लावलं, ताई," तो हळू आवाजात म्हणाला. "चार वर्षं एका खोलीत राहतोय. आजवर कोणी कुलूप लावलं नव्हतं."

"बेट मागितलं होतंस?"

"मागितलं होतं. चोरायचं असतं तर आधी मागून ठेवलं असतं का?"

"कशाला हवं होतं?"

"एकवीस घरं केली त्यावर. नखाएवढी. नगरपालिकेतर्फे काम बघायला ओडवारसाहेब फोटो घेऊन यायचे. हे पिवळं घर चर्चच्या खाली घे, खिडकी डोंगराकडे कर, असं सांगायचे. इतकं बारीक काम मी परत करीन की नाही, माहीत नाही."

"सोडवलेले स्क्रू तू कुठे ठेवतोस?"

"डब्यात टाकतो. सगळे एकत्र."

बाहेर आल्यावर गुणवंत म्हणाला, "गरीब दिसतो. पण मॅडम, त्यालाच बेट हवं होतं."

"हवं असणारी आणखी माणसं असतील. आणि नको असणारीही."

नगरपालिकेची माहिती अधिकारी सिग्रिड हॉटेलात उतरली होती. शुक्रवारी रात्री आठच्या विमानाने ती दुबईत आली होती. बेट गेल्याचं ऐकून ती पांढरी पडली.

"ते परत बसलंच पाहिजे. पोस्टरवर तेच आहे. आमचं सगळ्यात देखणं बेट."

शहरबानूने पाटीवरचा नवा आकडा कागदावर लिहून पुढे सरकवला. सिग्रिडने पाहिलं आणि अगदी सवयीने म्हणाली, "एक चुकलाय. शहाण्णव हवं."

"पण तुमची लोकसंख्या तर चार हजार दोनशे दहा ना?"

सिग्रिडने कॉफीत नसलेली साखर बराच वेळ ढवळली.

"कागदोपत्री... एक जानेवारीपासून हेस्टोय आमचं नाही. शेजारच्या नुरविक नगरपालिकेत गेलं."

हळूहळू सगळं बाहेर आलं. एकोणीसशे चौसष्टपर्यंत हेस्टोयची स्वतःची नगरपालिका होती. मग सरकारने चार लहान नगरपालिका एकत्र करून स्कालविक केली. बेटावरचा डॉक्टर गेला, शाळेचे वरचे वर्ग गेले. पुलाचा ठराव एकाहत्तर साली पास झाला आणि पासच होत राहिला. शेवटी नुरविकने आपल्या बाजूने समुद्राखालून बोगदा काढला. नुरविकमध्ये जायचं का, यावर बेटावर मतदान झालं. एकशे अठ्ठ्याऐंशी विरुद्ध एकेचाळीस.

"म्हणजे आमच्याकडे वाडी फुटून दुसऱ्या ग्रामपंचायतीत जाते, तसं," गुणवंत म्हणाला. पहिल्यांदाच त्याला सगळं समजलं होतं.

"मग मॉडेलवर बेट कसं?" शहरबानूने विचारलं.

"नकाशा जुना होता. बुधवारी कोणीतरी ऑफिसला फोन करून बेट काढा म्हणालं. महापौर म्हणाले, राहू दे, दुबईत कोणाला कळणार आहे?"

"फोन कोणाचा?"

"नाव सांगितलं नाही. खूप रागात होता, असं ऑपरेटर म्हणाली."

ओडवार देऱ्यात खाडीकाठी राहत. जहाजावरचे निवृत्त चीफ इंजिनियर. सत्तावीस वर्षं दुबईत. मॉडेलचं काम पाहायला नगरपालिकेने त्यांनाच नेमलं होतं. इंजिनरूममधल्या रत्नागिरीच्या खलाशांमुळे ते अस्खलित हिंदी बोलत आणि त्यात मधूनच एखादी मालवणी शिवी निरागसपणे पेरत.

त्यांनी चहा दिला. भिंतीवर हत्यारांची चित्रं काढून ठेवली होती आणि प्रत्येक पाना आपापल्या चित्रावर टांगलेला होता.

"तुम्ही बेटावरचेच ना? शेवटचे कधी गेला होता?" शहरबानूने विचारलं.

"अकरा वर्षं झाली. पण तिथल्या घराच्या पोस्टाच्या पेटीवर अजून माझं नाव आहे. बहीण दरवर्षी रंगवते."

"गुरुवारी दुपारी कुठे होता?"

"झोपलो होतो," ओडवार म्हणाले आणि बिस्किटांची बशी तिच्याकडे सरकवली.

शहरबानूने याकूबभाईंना फोन करून व्हिसाचं काम एक दिवस पुढे ढकलायला लावलं. रविवारी सकाळी वर्कशॉपमध्ये सगळे जमले. किसन दाराशी उभा राहिला. खुर्ची देऊनही बसला नाही.

"आधी मला एक माणूस वगळायचाय," शहरबानू म्हणाली. "सिग्रिडबाई. रंग शनिवारी सकाळी कोरडा होता. त्याला वाळायला पूर्ण दिवस लागतो. बाई शुक्रवारी रात्री उतरल्या. शिवाय त्यांना बेट हवंच होतं."

सिग्रिडने मान डोलावली.

"मग किसन. त्याला बेट हवं होतं. पण नुसतं बेट हवं असणारा माणूस लोकसंख्या कशाला बदलेल? हेस्टोय स्कालविकमधून गेलंय, हे त्याला कोण सांगणार? इथे वर्कशॉपमध्ये ते कोणालाच माहीत नव्हतं. आणि चोराने स्क्रूंना नंबर घातले. किसन डब्यात टाकतो. उघडलेला प्रत्येक स्क्रू आपल्या जागी परत जायला हवा, असं आयुष्यभर जपणारा माणूस इंजिनियर असतो."

ओडवार मॉडेलकडे पाहत राहिले.

"तेवढ्यावरून नाव घेतलं नसतं. पण आकड्याने चोराची ओळख सांगितली. गुणवंतभाऊ म्हणाले, गणित कच्चं आहे. मला तसं वाटलं नाही. ज्याने लाटा जुळवल्या तो वजाबाकीत चुकणार नाही. सरकारी वहीत बेटावर तीनशे चौदा माणसं आहेत. चोराने तीनशे पंधरा वजा केली. त्याच्या लेखी बेटावर आणखी एक माणूस राहतं. ज्याच्या नावाची पेटी बहीण अजून रंगवते ते."

मग ओडवार उठले, बाहेर गेले आणि गाडीतून आंघोळीच्या टॉवेलात गुंडाळलेलं बेट घेऊन आले. एकही घर हललं नव्हतं.

"नकाशा मीच दिला होता," ते म्हणाले. "मतदानाचं बहिणीच्या पत्रातून मंगळवारी कळलं. बुधवारी नगरपालिकेला फोन केला तर तिथले हसले. अडतीस वर्षं आम्हाला डॉक्टर नाही, पूल नाही, बोगदा काढला तो नुरविकने, आणि यांच्या पोस्टरवर मात्र आमचा फोटो. म्हणून उचललं. मेस्त्रीवर आळ येईल असं डोक्यात आलं नाही. काल तुम्ही आलात तेव्हा सांगायला हवं होतं. लाज वाटली."

याकूबभाईंनी कपाळावर हात मारला. "पण आता उद्या काय दाखवायचं?"

सिग्रिड आणि ओडवार नॉर्वेजियनमध्ये भांडू लागले. बेट लावायचं तर खोटं, न लावायचं तर पोस्टर खोटं.

"बेटाला वेगळं टेबल द्या," दारातून किसन म्हणाला. "चार बोटांच्या अंतरावर. नुरविकच्या बाजूने बोगदा दाखवतो. रात्रीपर्यंत करून देईन."

दोघेही थांबले. शेवटी सिग्रिड म्हणाली, "पाटीवर 'शेजारी' लिहू. महापौरांना मी सांगेन."

"आणि आकडा शहाण्णव करू," नबिला म्हणाली.

"पंच्याण्णव," ओडवार म्हणाले. त्यावर पुन्हा दहा मिनिटं गेली.

याकूबभाईंनी ड्रॉवरमधून पासपोर्ट काढून किसनपुढे धरला. "हा तुझ्याकडे ठेव. झालं ते विसर. यल्ला, कामाला लाग."

किसनने पासपोर्ट घेतला, पण हत्यारांकडे गेला नाही. "काम करतो, शेठ. पण आधी तुम्ही माझ्या खोलीवर चला. मी चोर नाही हे मी सांगून उपयोग नाही."

याकूबभाईंनी शहरबानूकडे पाहिलं. तिने गाडीची किल्ली पुढे केली.

दुपारची पाळी असल्याने पाच जण अजून खोलीतच होते. याकूब परकार खाटांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत उभे राहिले, टोपी काढली आणि म्हणाले, "किसनने काही चोरलं नाही. चूक माझी होती."

एकाने खालच्या खाटेवरचे कपडे बाजूला करून त्यांना बसायला जागा केली. दुसऱ्याने आपल्या पेटीचं कुलूप उघडलं, आतून दुधाचा डबा काढला आणि चहा ठेवला.